मुक्ताचा आजार, मंगलाचा आजार

दोन बाटल्या

मुक्ताच्या दप्तरात एकाऐवजी पाण्याच्या दोन बाटल्या जायला लागल्या तेव्हा मला बरंच वाटलं होतं. एरवी ही मुलगी पाणी पीत नाही म्हणून मी तिच्या मागे लागायचे. मार्च संपत आला होता. बिबवेवाडीतला आमचा फ्लॅट अगदी वरच्या मजल्यावरचा, दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. उन्हाळा आहे, पीत असेल, असं मी आणि माझे पती मिलिंद, आम्ही दोघंही धरून चाललो.

मग ती बारीक दिसायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उंची वाढतेय तिची, अशा वयात मुली वाळतातच." वर्गशिक्षिकेनं डायरीत लिहून पाठवलं की मुक्ता तासाला उठून बाथरूमला जायचं म्हणते, घरी समज द्यावी. आठ वर्षांची मुलगी, दुपारी शाळेतून आली की बूटसुद्धा न काढता सोफ्यावर झोपून जायची. मी स्वतः शिक्षिका आहे, मराठी शिकवते, रोज तिच्याच वयाची मुलं बघते. पण यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी आली आणि प्रत्येकीला काहीतरी साधं कारण सापडलं.

एके दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं, उलट्या झाल्या. जवळच्या डॉक्टरांनी पित्त आहे म्हणून औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा श्वास नुसता पळत होता. धावून आल्यासारखी धापा टाकत होती, आणि होती मात्र अंथरुणात. मी तोंडाजवळ वाकले तर पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा वास आला. मिलिंदनी तिला उचललं आणि चपला न घालता जिना उतरले.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरनं आधी तिच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब छोट्या यंत्रावर घेतला. यंत्रावर आकडा आलाच नाही. नुसती 'हाय' अशी अक्षरं आली. म्हणजे यंत्राला मोजता येतं त्याच्याही वर साखर होती.

"डायबेटिस आहे," तो म्हणाला. "टाइप वन. आणि रक्त आम्लधर्मी झालंय. आयसीयूत घ्यावं लागेल, लगेच."

मिलिंद हसले. खरंच हसले. "डॉक्टर, ती आठ वर्षांची आहे. तुम्ही दुसऱ्या कुणाचा तरी रिपोर्ट बघताय."

त्या तरुण डॉक्टरनं मुक्ताचा हात धरून शीर शोधायला सुरुवात केली होती.

'सध्या पाणी नाही'

आयसीयूत तिच्या दोन्ही हातांना नळ्या होत्या. एकीतून सलाइन, एकीतून इन्सुलिन. दर थोड्या वेळानं सिस्टर येऊन बोट टोचायच्या. पहिल्यांदा ती रडली. मग रडणंही थांबलं, ती फक्त बोट पुढे करायची, आणि ते मला जास्त जड गेलं.

शुद्धीवर आल्यावर ती एकच शब्द बोलत होती. पाणी.

"सध्या तोंडानं पाणी नाही द्यायचं," सिस्टर म्हणाल्या. केरळच्या होत्या, मराठी तुटक बोलायच्या पण फार मायेनं. "उलटी झाली तर छातीत जाईल. पाणी सगळं नळीतून चाललंय ना तिला. ओठ ओले करा फक्त." त्यांनी मला कापसाचा बोळा आणि वाटी आणून दिली.

संध्याकाळी माझ्या सासूबाई आल्या. त्या मूळच्या अकोल्याकडच्या एका खेड्यातल्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडेच असतात. असायच्या, असं म्हणायला हवं. पांढरी साडी, कपाळ मोकळं, हातात पिशवी. मुक्तानं त्यांना बघितलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली.

"आजी, तू तरी दे ना पाणी. ही आई देत नाही."

आई, म्हणजे सासूबाई, तिथून मागे सरकल्या. दाराबाहेर गेल्या. मला वाटलं, नळ्या बघून घाबरल्या. मिलिंदना आत बसवून मी बाहेर आले तर त्या कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीशी खाली बसल्या होत्या, खुर्च्या रिकाम्या असूनही.

"आई, ती बरी होईल म्हणालेत डॉक्टर."

"मंगला अशीच मागे पाणी," त्या म्हणाल्या.

मंगला म्हणजे मिलिंदची मोठी बहीण. ती लहानपणी तापानं गेली एवढंच मला माहीत होतं. मिलिंदनाही तेवढंच. ते जन्माला यायच्या आधीची गोष्ट.

"ताप नव्हता तिले," आई म्हणाल्या. "सात वर्साची होती. असंच वाळून गेलं लेकरू. रांजणातलं पाणी सारखं पिये, अन् रात्री गोधडी वली करे. माही सासू म्हणे, पाणीच बंद करा पोरीचं, म्हणजे आपोआप सुधरते. मग बंद केलं. दिवस मावळला का पाणी नाही. मी रांजणावर पाट ठेवे अन् पाटावर वरवंटा. एक दिवस शेजारच्याच्या बैलाच्या हौदात तोंड घालून पाणी पेत होती, तिच्या बापानं ओढून आणली. त्याच्यावर मग ती बोललीच नाही. असाच श्वास चाले तिचा. असाच."

आतून मुक्ताचा आवाज येत होता. आईंनी दोन्ही कानांवर पदर दाबून धरला.

"मिलिंदले सांगू नोको," त्या म्हणाल्या.

त्या पेशी

मुक्ता वाचली. मला हे आधीच सांगून टाकायचंय, कारण हे वाचणाऱ्यांत कुणी आज, आत्ता, आयसीयूबाहेर बसलेलं असेल. तुमचं मूल अचानक खूप पाणी प्यायला लागलं, सारखं लघवीला जायला लागलं, वाळायला लागलं, तर वाट बघू नका. रक्ताचा एक थेंब तपासून घ्या. बाकी मी लिहिते आहे ते विसरलात तरी चालेल.

वॉर्डात आणल्यावर मुलांच्या मधुमेहाच्या डॉक्टर बाई आल्या. सदाशिव पेठेत त्यांचा दवाखाना आहे. साठीच्या, केस कापलेले, बोलणं असं की पहिल्या भेटीत राग यावा.

"विचारा," त्या खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "गोड जास्त खाल्लं म्हणून झालं का, हा प्रश्न सोडून."

मला नेमका तोच विचारायचा होता.

त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते असं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काहींना टी-पेशी म्हणतात. बाहेरून आलेला जंतू ओळखायचा आणि मारायचा हे त्यांचं काम. आपलं कोण आणि परकं कोण, हे त्या लहानपणीच शिकतात. मुक्ताच्या शरीरात त्यातल्या काही पेशींची ओळख चुकली. पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, त्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी असतात. टी-पेशींनी त्यांनाच परकं ठरवलं आणि मारायला सुरुवात केली. काल-परवा नाही. कित्येक महिने हे चाललेलं असणार, कदाचित काही वर्षंसुद्धा. मुक्ता खेळत होती, शाळेत जात होती, स्नेहसंमेलनात नाचत होती, आणि आत हे चाललं होतं. बऱ्याचशा बीटा पेशी संपल्या तेव्हा कुठे तहान लागली.

"म्हणजे तिच्याच शरीरानं हे केलं?" मी विचारलं.

"हो."

"पण का?"

"माहीत नाही. थोडं रक्तात घेऊन जन्माला येतात, आणि मग काहीतरी निमित्त होतं. एखादा विषाणू असेल, आणखी काही असेल. नक्की काय ते कुणालाच माहीत नाही. तुम्ही काय खायला घातलं, काय नाही घातलं, याचा संबंध नाही. लस दिली म्हणून नाही. रागावलात म्हणून नाही. घरी जाऊन रडा हवं तेवढं, पण स्वतःला दोष देत बसू नका. मला वेळ नसतो तेवढा."

मुक्ता ऐकत होती हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

"त्या पेशी माझ्यावर का रागावल्या?" तिनं विचारलं.

डॉक्टर बाई तिच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज बदलला. "रागावल्या नाहीत गं. चुकल्या."

"मग त्यांना सांगा ना."

"सांगता येत नाही अजून," त्या म्हणाल्या. "शिकतोय आम्ही."

मला आठवत होतं, ही मुलगी सहसा आजारी पडायची नाही. वर्गात साथ आली तरी हिला काही व्हायचं नाही. 'प्रतिकारशक्ती चांगली आहे हिची,' असं मी कौतुकानं सांगत फिरायचे.

आईंचा प्रश्न

घरी जायच्या आदल्या दिवशी डॉक्टर बाई आम्हाला इन्सुलिनचं पेन कसं धरायचं ते शिकवत होत्या. मिलिंद औषधं आणायला खाली गेले होते. आई खिडकीपाशी बसून होत्या. शिकवून झाल्यावर बाई निघाल्या तेव्हा आई उठल्या आणि त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"डॉक्टरीण बाई, एक विचारू का?"

"विचारा की आजी."

"माह्या पोरीले हाच आजार होता. लय वर्सं झाली. आम्ही पाणी बंद केलं होतं तिचं." त्या थांबल्या. "पाणी देल्लं असतं तर ती वाचली असती का?"

बाईंनी हातातली फाइल पलंगावर ठेवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "इन्सुलिन नसतं तर नाही वाचत कुणी. तुमच्या गावात ते तेव्हा नव्हतं. गावातल्या कुणाला हा आजारही माहीत नसणार. तुम्ही पाणी दिलं असतं तरी ती गेलीच असती, आजी. तिच्या पेशींनी ते आधीच करून ठेवलं होतं. तुम्ही नाही."

मला वाटलं आता आईंचा जीव हलका होईल. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली.

"हो," त्या म्हणाल्या. "पण तहानलेली तरी गेली नसती."

डॉक्टर बाईंनी चष्मा काढला.

घरी

पहिले काही आठवडे मी ज्या मुलीला जन्म दिला तिलाच दिवसातून कितीतरी वेळा टोचत होते. जेवणाआधी टोचायचं, बोट टोचायचं, पुन्हा टोचायचं. ती पलंगाखाली जाऊन लपायची. मी गुडघ्यावर बसून समजवायचे, मग ओरडायचे, मग मिलिंद माझ्यावर ओरडायचे, "जरा प्रेमानं घे ना." "तुम्ही द्या मग," मी म्हणायचे. सरकारी कार्यालयात सगळ्यांना धाकात ठेवणारा माणूस, पेन हातात घेतलं की घामाघूम व्हायचा.

आई तिला पलंगाखालून काढायच्या. स्वतः फरशीवर आडव्या व्हायच्या, मुक्ताच्या तोंडासमोर तोंड करून, आणि तिथूनच तिच्याशी बोलत राहायच्या. काय बोलायच्या ते मला कधी ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं दोघी बाहेर यायच्या.

भेटायला येणारे लोक प्रतिकारशक्ती वाढवायची औषधं घेऊन यायचे. काढे, चूर्णं, गुळवेलीच्या गोळ्या. मी हसून घ्यायचे आणि कपाटात टाकायचे. कुणाकुणाला समजावणार, की हिच्या प्रतिकारशक्तीनंच हे केलंय म्हणून? एका मावशींनी तर माझ्यासमोरच मुक्ताला विचारलं, "लग्नाचं कसं होणार गं बाई आता?" मुक्ता म्हणाली, "तुमचं झालं ना, पुरे." ती मुलगी अस्सल पुण्याचीच आहे. मी खूप दिवसांनी हसले.

शाळेनं जबाबदारी घ्यायला नको म्हटलं. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. शेवटी मधल्या सुट्टीत मुक्ता स्टाफरूममध्ये पडद्यामागे इंजेक्शन घेणार असं ठरलं. वर्गातल्या काही मुलांना घरी सांगितलं गेलं होतं की तिच्याजवळ बसू नका, लागण होईल. वाढदिवसांची बोलावणी थांबली. 'तिला केक चालत नाही ना, उगाच वाईट वाटेल तिला,' असं एका आईनं मला फार प्रेमानं सांगितलं. केक चालतो. इन्सुलिन जुळवून घेतलं की चालतो. पण मी ते प्रत्येकीला सांगत बसले नाही. तेव्हा ताकद नव्हती.

एक गोष्ट मात्र लिहिते. तिला शाळेत नेणारे रिक्षावाले काका. मी फक्त एकदा सांगितलं होतं की साखर एकदम कमी झाली तर तिला घाम येतो, बडबड करते, तेव्हा गोड द्यायचं. पुढे मला कळलं, त्यांनी रिक्षात पुढे काचेपाशी ग्लुकोजची पुडी ठेवलीय, आणि रोज मुलं बसली की आधी विचारतात, "मुक्ताताई, घाम आहे का?"

बरे दिवस

मग अचानक सगळं सोपं झालं. यंत्रावरचे आकडे चांगले यायला लागले. डोस कमी केला तरी चांगले. आणखी कमी केला, तरीही. मुक्ताचं वजन वाढलं, गाल भरले, ती पुन्हा गॅलरीतून खालच्या मैत्रिणींना हाका मारायला लागली.

डॉक्टर बाईंनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. काही बीटा पेशी अजून जिवंत आहेत. बाहेरून इन्सुलिन मिळाल्यामुळे त्यांना विसावा मिळाला, म्हणून त्या पुन्हा काम करतायत. याला हनिमून म्हणतात, काय नाव ठेवलंय बघा, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण टी-पेशी थांबलेल्या नाहीत. उरलेल्यांनाही त्या संपवणार. कधी ते सांगता येत नाही. त्या पेशींना थोपवून आजार लांबवणारं एक औषध परदेशात निघालंय, पण ते तहान लागायच्याही आधी द्यावं लागतं. मुक्तासाठी ती वेळ गेली होती.

मी हे ऐकलं होतं. मिलिंदनीही ऐकलं होतं. पण चांगले आकडे रोज दिसत होते, आणि त्या मारणाऱ्या पेशी कुणालाच दिसत नव्हत्या.

एका रविवारी मी पोहे करून मुक्ताचं पेन घ्यायला फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात पेन नव्हतं.

"मी ठेवलंय," मिलिंद म्हणाले. टेबलावर कागदाच्या काही पुड्या होत्या. "ऑफिसमधल्या साहेबांनी दिल्यात. त्यांच्या भाच्याला गुण आला. फक्त हे सुरू असताना इन्सुलिन घ्यायचं नाही."

"अहो, काय बोलताय? डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनाच माहीत नाही हे कशानं होतं. त्यांनीच सांगितलं ना तसं? मग कशानं जातं ते त्यांना कसं माहीत असेल?" त्यांचा आवाज चढला, आणि मग एकदम उतरला. "थोडे दिवस बघू. थोडेच दिवस. बघ ना किती छान आहे ती आता."

मुक्ता पोह्यांची बशी धरून उभी होती. "मी खाऊ की नको?" तिनं विचारलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या.

"मिलिंद," त्या म्हणाल्या, "तुही बहीण तापानं नाही गेली."

आणि त्यांनी सांगितलं. मला जे कॉरिडॉरमध्ये सांगितलं होतं ते सगळं, रांजणावरच्या वरवंट्यापासून बैलांच्या हौदापर्यंत. उभ्यानं सांगितलं, एकदाही थांबल्या नाहीत. मिलिंद खुर्चीत बसले होते, हळूहळू त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"घरात तिचं वाईट पाहणारं कोणी नव्हतं," आई म्हणाल्या. "तुहा बाप नव्हता, तुही आजी नव्हती, मीही नव्हती. समदे तिचं भलंच पाहून राह्यले होते. अन् समद्यांनी मिळून ते केलं. आता तू भलं पाहून राह्यला. माह्या डोळ्यासमोर मी होऊ देणार नाही. काढ तिचं सुईचं औषध."

मिलिंद उठून आत गेले. कपाटातल्या शर्टांच्या मागून पेन काढून आणलं आणि मुक्तासमोर गुडघ्यावर बसले. त्या दिवशी इंजेक्शन त्यांनीच दिलं. आधी पेन, मग पोहे. पोहे गार झाले होते. मुक्तानं तक्रार केली नाही, सगळे खाल्ले.

त्या पुड्या आईंनी बेसिनमध्ये ओतल्या आणि नळ सोडला.

दुसऱ्यांदा

ते बरे दिवस दिवाळीच्या सुमाराला संपले. एक दिवस आकडा वर गेला, मग रोजच जायला लागला. जेवण तेच, डोस तोच. बाईंनी एक तपासणी करायला लावली, शरीर स्वतःचं इन्सुलिन किती तयार करतंय हे तीत कळतं. जवळजवळ काहीच नव्हतं.

"संपलं," बाई म्हणाल्या. "उरलेल्या पेशीही गेल्या. आता सगळं बाहेरूनच. ती छान जगेल, शिकेल, नोकरी करेल, तुमच्याशी भांडेल. पण हे रोज करावं लागेल. सुट्टी नाही."

मला हे अपेक्षित होतं. तरी मुक्ताचा तोच आजार मला दुसऱ्यांदा सांगितला गेला, आणि दुसऱ्यांदा तो जास्त लागला, कारण पहिल्या वेळी मला त्याचा अर्थ कळलेला नव्हता. ते काही महिने मी रोज तिची वेणी घालताना, तिच्या पोटात जिवंत राहिलेल्या त्या मूठभर पेशींचा विचार करायचे. टिकून राहा गं, असं मनात म्हणायचे.

पहिल्या वेळी मी रडले होते. या वेळी मिलिंद रडले. दवाखान्याच्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत, भिंतीला खांदा टेकवून. मुक्तानं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, चला ना, लोक बघतायत."

नाव

गेल्या वर्षी आई गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. शेवटच्या वर्षांत त्यांनी मंगलाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. फक्त एकदा, मुक्ता शाळेच्या सहलीला एकटी, स्वतःचं पेन घेऊन गेली, तेव्हा संध्याकाळपर्यंत गॅलरीत बसून होत्या. ती सुखरूप आल्यावर म्हणाल्या, "मोठी झाली असती ती. तुह्याहून मोठी." मी हो म्हटलं.

मंगलाचा फोटो नाही. कुठल्या कागदावर नाव नाही. शाळेतही घातलेलं नव्हतं. आईंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्या बौद्ध रीतीनं गेलेल्यांना आदरांजली वाहायच्या दिवशी घरात पाहुणे भरले होते. भंतेजी वंदना घ्यायला बसले तेव्हा मिलिंद पुढे गेले आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलले. मग आईंच्या नावानंतर भंतेजींनी आणखी एक नाव घेतलं. गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी मान वर केली. बाकी कुणाला ती कोण हे माहीत नव्हतं. मुक्तानं मात्र हात जोडले. त्या रविवारी तिनं गोष्ट ऐकली होती, पण नाव तिला आजीनं वेगळं सांगितलं होतं. कधी सांगितलं, मला माहीत नाही. मला वाटतं, त्या पलंगाखाली.

गेल्या महिन्यात

मुक्ता आता बारा वर्षांची आहे. सगळं स्वतः करते. दंडावर साखर मोजणारं एक बटणाएवढं यंत्र चिकटवलेलं असतं, त्यामुळे बोटं कमी टोचावी लागतात. कधी आकडे छान येतात, कधी काही केल्या येत नाहीत. कधी ती चिडते आणि खोलीचं दार लावून घेते. मी दाराबाहेर थांबते. एवढंच मला शिकता आलंय.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. डॉक्टर बाईंच्या खोलीत आधीच एक कुटुंब होतं, वारज्याहून आलेलं. पाच-सहा वर्षांची मुलगी, नुकतीच हॉस्पिटलातून सोडलेली, हाताला अजून चिकटपट्टी. ती वडिलांच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. तिची आई माझ्याकडे बघत होती, आणि मला ती नजर माहीत होती.

"मुक्ता," बाई म्हणाल्या, "हिला जरा दाखव बघू तू कसं घेतेस."

मुक्ता त्या मुलीसमोर खाली बसली. टी-शर्ट थोडा वर केला, पेन लावलं, दहापर्यंत हळू मोजलं, पेन काढलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"दुखतं?" त्या चिमुरडीनं विचारलं.

"छे," मुक्ता म्हणाली. "कळतसुद्धा नाही."

"मग तुझं संपणार कधी?"

मुक्तानं बाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"संपत नाही," ती म्हणाली. "पण मी आहे ना. तुला काही वाटलं तर मला फोन कर."

त्या आईनं माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर तिला मी माझा नंबर दिला, आणि जे जे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं ते जमेल तेवढं सांगितलं. मुक्ता जिन्याखाली उभी राहून वाट बघत होती.

स्कूटरवर ती माझ्या मागे बसली. टिळक रस्त्याला लागलो. एका सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या पाठीला तिचं कपाळ टेकलेलं मला जाणवलं, आणि कुर्ता ओला होत होता.

"काय झालं गं?"

"मी तिला खोटं सांगितलं," ती म्हणाली.

"काय?"

"दुखत नाही म्हणून."

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी स्कूटर कडेला घेतली, स्टँडवर लावली, आणि तिथेच फूटपाथवर तिला जवळ घेऊन उभी राहिले.